तिच्या वहीतली माझी चूक

आमच्याकडे भाड्यानं राहायला आली त्या दिवशी तिनं बॅग पडवीत टेकवली आणि घरात यायचं सोडून सरळ विहिरीकडे चालू लागली. मला वाटलं, पाय धुवायला निघाली. म्हटलं, अगं, पाणी इथं आहे नळाला. तर मागे वळून म्हणाली, "ते दिसलं, काकू. ते येते कुठून ते पाहून येते." आणि विहिरीवरच्या पंपापासून पाइपाला हात लावत लावत निघाली ती, वाडीतून वाकून वाकून टाकीपर्यंत, टाकीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून पोफळींच्या पाटापर्यंत. पायात ते कारखान्यातले जाड बूट. मी चहा ओतून बसले होते, तो पार निवून गेला.

एका पाइपाची सुरुवात तिला सापडली, शेवट सापडेना. मला विचारलं. मला काय ठाऊक? आमच्या ह्यांनी कधीतरी टाकलेला, आणि हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, असू दे गं, एक पाइप इकडे की तिकडे. पण तिला ते सहन होईना. तिसऱ्या दिवशी, रविवारी, कुदळ घेऊन खणत खणत कुंपणापर्यंत गेली. पाइप कुंपणाखालून पलीकडे. शेजारच्या वहिनींच्या केळी कितीतरी वर्षं आमच्या पंपावर पोसल्या जात होत्या, आणि त्याचा पत्ता ना मला ना त्यांना. वहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाहुणी आणलीत की तलाठी?" मला हसू आवरेना. ती मात्र गंभीरपणे वहिनींना सांगत होती की पाणी तोडायचं नाही, फक्त कागदावर दाखवायचं, म्हणजे पुढे कुणी फसणार नाही. आणि खरंच तिनं आमच्या घरादाराच्या पाण्याचा नकाशा काढला, प्रत्येक नळाला नंबर दिला. फ्रिजवर चिकटवलेला आहे, तो अजून मी काढलेला नाही.

तिच्या गमती सांगण्यासारख्या पुष्कळ आहेत आणि मी सांगणारच आहे. पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नव्हे. मी तिच्याशी जे केलं ते सांगायचं आहे. गेले कितीतरी दिवस पेन हातात घेते आणि त्या गोष्टीपाशी आलं की पुन्हा पाइपावर आणि सोलकढीवर जाते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, लिहायची सवय अशी नाही, बोलायची मात्र फार. त्या बोलण्यानंच घात केला.

ती अकोल्याकडची. केमिकल इंजिनियर, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. नोकरी कसली, तर प्रोसेस डिझाइन. मला काही कळेना, तेव्हा तिनं सांगितलं, "काकू, कारखाना बांधायच्या आधी तो कागदावर चालवून पाहायचा. पाणी कुठून येते, कुठं तापते, कुठं निवते, पाइप केवढा जाड लागते, पंप केवढा लागते. ते आमचं काम." तिची कंपनी मुंबईची, आणि आमच्या बाजूला एक जुना कारखाना वाढवायचं काम त्यांना मिळालं होतं. जुने नकाशे आणि खरा कारखाना यांचा मेळ बसत नव्हता. म्हणून हिला पाठवलेलं, रोज कारखान्यात पायी हिंडून कुठला पाइप कुठून कुठे जातो ते तपासायला. मग मला कळलं, आमच्या विहिरीचं काय झालं होतं ते.

वर्षभर शिकाऊ. वर्ष संपलं की कंपनी कायम करणार, नाही तर घरी पाठवणार. घरी म्हणजे वडील एसटीत कंडक्टर, त्यांचं म्हणणं होतं, एक वर्ष देतो, नाही जमलं तर परत ये आणि बँकेच्या परीक्षा दे. ती म्हणायची, बँक वाईट नाही, काकू, पण तिथं काही वाहत नाही. अशी होती.

हात लावायचा झाला की ती तळहात लावायची नाही. पाइप असो, भांडं असो, बोटांची मागची बाजू टेकवायची. का, तर विजेचा झटका बसला की तळहात आवळून धरतो, मागची बाजू लावली तर हात आपसूक मागे येतो. एकदा मला ताप आला तर कपाळालासुद्धा तशीच पाठमोरी बोटं लावली. मी म्हटलं, मी काय पाइप आहे का गं? तर म्हणाली, "सवय राहिली पाहिजे, काकू." आणि मग दोन दिवस माझं सगळं केलं, डाळभात शिजवून खाऊ घातला. मासे ती खायची नाही, पण मी आजारी म्हणून कोळणीकडून बोंबील घेतले, डोळे मिटून निवडले. कोळीण मला नंतर म्हणाली, "तुझी पोर बोंबलाशी इंग्लिश बोलत व्हती."

दुसरं तिचं खूळ म्हणजे एक प्रश्न. लाईट गेली तर हे उघडं राहील की बंद? मिक्सर असो, दाराचं कुलूप असो, काहीही. कारखान्यात म्हणे प्रत्येक झडपेला हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण काही बंद पडलं तर सगळ्यांचा जीव वाचेल अशा बाजूनं ते पडलं पाहिजे. माझ्याकडे दुपारी जेवायला चार-सहा माणसं येत, कंत्राटदाराकडची. त्यांनाही ती विचारायची. ते तिला चिडवायचे, मॅडम, लाईट गेली तर तुमचं तोंड उघडं राहील की बंद? तीही हसायची, आणि मग विचार करून उत्तर द्यायची. त्याचंच त्यांना जास्त हसू यायचं.

आणि वही. एक साधी दोनशे पानी वही, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात रोजची चूक लिहायची. रोज. तारीख घालून. पहिली मी वाचली ती सोलकढीची. नारळाचं दूध गरम असतानाच तिनं कोकमाचं आगळ ओतलं आणि सगळं फाटलं. वहीत लिहिलं होतं, "दूध निवण्याची वाट पाहिली नाही. घाई." बस, एवढंच. कारखान्यातल्याही चुका तशाच. अमुक नळी मोजली नाही, अंदाजानं लिहिली. अमुक आकडा दुसऱ्यांदा तपासला नाही. मी म्हटलं, दुसऱ्यांच्या चुकांचं काय? तुमच्यात काय तू एकटीच चुकतेस? तर म्हणाली, "दुसऱ्याची चूक माझ्या वहीत कायले लिहू? ती मले सुधारता येत नाही."

रविवारी दुपारी मी बिरड्याचे वाल सोलायला बसले की ती समोर बसून वाल सोलू लागायची आणि आठवड्याच्या चुका वाचून दाखवायची. मग विचारायची, तुमची काय, काकू? तिनं वहीच्या शेवटी माझ्यासाठी पानं सोडली होती. मी सांगायची, आमटीत मीठ जास्त झालं. वहिनींशी उगीच भांडले. ती लिहून घ्यायची. मला आतून बरं वाटायचं. आमच्या घरात कुणी कधी मला विचारलं नव्हतं की तुझं काय चुकलं. सांगायचे सगळे, विचारायचं कुणी नाही.

आता ते सांगते.

तिचे साहेब मुंबईचे. बुधवारी आणि शुक्रवारी बोटीनं मांडव्याला उतरायचे, कारखान्यात काम बघायचे आणि दुपारी जेवायला माझ्याकडे. माणूस गोड बोलणारा. माझ्या सुरमईचं कौतुक करायचे, मुंबईत अशी मिळत नाही म्हणायचे. कौतुक केलं की मी विरघळते, हे माझं जुनं दुखणं.

थंडीतली गोष्ट. एका सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला शिकत होती, हात पिठात, आणि साहेबांचा फोन आला. तिनं मला फोन धरायला सांगितला, स्पीकरवर. साहेबांनी थंड पाण्याच्या पंपाचा, म्हणजे तो केवढा मागवायचा त्याचा, आकडा सांगितला, हाच धर, आजच पुढे पाठव, म्हणाले. तिनं एकदा विचारलं, नक्की ना सर? ते म्हणाले, अगं, मी सांगतोय ना. तिनं हात धुतले आणि त्या आकड्यावर कागद करून पाठवला. हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. रात्रीची नोंद तिनं रविवारी मला वाचून दाखवली, "पंपाचा आकडा तोंडी घेतला. लेखी मागायला हवा होता. चूक माझी." साहेबांचं नाव नाही. तिचा नियमच तो.

पुढच्या शुक्रवारी साहेब जेवायला आले. ती कारखान्यात होती, बाकीची माणसं जेवून गेली होती. जेवता जेवता साहेब म्हणाले, तुमची पोर हुशार आहे, पण जरा विचित्र आहे, कायम करायची म्हणजे मला विचार करावा लागेल. झालं. मला राहवेना. मी म्हटलं, विचित्र कशी? अहो, अशी प्रामाणिक पोर तुम्हाला दिवा लावून सापडायची नाही. थांबा, दाखवते. आणि तिच्या खोलीत जाऊन उशीजवळची वही घेऊन आले. तिनं कधी दाखवू नका असं सांगितलं नव्हतं. पण कधी कुणाला दाखवली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी दाखवली. ती किती मोठी आहे हे दाखवायला, आणि खरं सांगायचं तर ती मला किती जवळचं मानते हेही दाखवायला. बघा, मागे माझीसुद्धा पानं आहेत, असंही म्हटलं.

साहेबांनी हात पुसले आणि वाचू लागले. आधी हसले. मग हसायचे थांबले. पंपाच्या पानापाशी बराच वेळ थांबले. मग फोन काढून तीन-चार फोटो घेतले. नव्या मुलांना दाखवतो, म्हणाले, शिकण्यासारखं आहे. मला केवढा अभिमान वाटला म्हणता. मी त्यांना आणखी एक तुकडी वाढली.

तेवढ्यात दाराशी कोळणीनं हाक मारली म्हणून मी बाहेर गेले, तिच्याशी बोलत बसले, आणि वही तशीच टेबलावर राहिली. संध्याकाळी ती आली. टेबलावर वही बघून दचकलीच. सकाळी चहा घेताना ती कधी कधी तिथं बसून लिहायची. विचारलं, "काकू, मी वही इथंच विसरून गेली का सकाळी?"

मी म्हटलं, "हो गं, असेल."

एवढंच. तीन शब्द. आधीपासून ठरवून खोटं बोलले असते तर एखादे वेळी मन कचरलं असतं. हे कढईत चमचा हलवता हलवता निघालं. खोलीत जाऊन वही आणली हे सांगायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपुढे सगळं बाकीचं मला क्षुल्लक वाटलं.

तीन आठवड्यांनी पंप आला आणि तो लहान निघाला. त्यानं काम भागेना. मुंबईत बैठक बसली, तिला बोलावलं. सकाळच्या बोटीनं गेली, संध्याकाळच्या बोटीनं परत आली. पडवीच्या पायरीवर बसली, बूट काढायचं भान नव्हतं. मी पाणी दिलं. मग सांगितलं तिनं, सगळं एका आवाजात, रडत नव्हती. आकडा कुठून आला असं विचारल्यावर ती साहेबांकडे बघत होती, सांगतील म्हणून. साहेबांनी पिशवीतून एक छापलेला कागद काढून सगळ्यांपुढे ठेवला. तिचं अक्षर. चूक माझी.

तिनं सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, आता तू लिहिलेलं खरं धरायचं की बोललेलं?

"ते बरोबरच बोलले, काकू," ती मला म्हणाली. "लिहिलेलंच धरायचं असते."

कायम करणार नाही, हेही तिथंच सांगितलं होतं तिला. मग स्वतःच उलगडा केला तिनं. साहेब त्या शुक्रवारी जेवायला आले असतील, वही टेबलावर उघडी दिसली असेल. "मीच विसरली ना." मी समोर उभी. तिच्या हातात पाण्याचा तांब्या. मी म्हणायला हवं होतं, बाई, तू विसरली नाहीस, मी आणली. मी म्हणायला हवं होतं, चल, तो फोन मी धरला होता, मी सांगते तुझ्या कंपनीला. मी म्हटलं काय, तर जेवून घे.

त्या रविवारी वाल सोलताना तिनं वाचलं, "वही टेबलावर विसरले. निष्काळजीपणा. नोकरी गेली." मग नेहमीसारखं विचारलं, तुमची काय, काकू? मी म्हटलं, आमटीत मीठ पडलं नाही. तिनं ते लिहून घेतलं.

मी का बोलले नाही याची मी मनाशी पुष्कळ कारणं केली. बोलून नोकरी परत थोडीच मिळणार होती. साहेब कबूल थोडेच होणार होते. पण खरं कारण एवढंच, की मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. त्यानंतरच्या बुधवारी साहेब आले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून वाक्यं जुळवली होती. फोन मी ऐकलाय, असं सुरू करणार होते. ताट घेऊन बाहेर गेले आणि विचारलं, भाकरी वाढू का आणखी?

तिला कायम केलं नाही. महिन्याभरात ती अकोल्याला परत गेली. जाताना फ्रिजवरच्या नकाशात एक नळ नवा बसवला होता तो लाल पेन्सिलीनं दाखवून गेली. सात-आठ महिने घरी होती, बँकेची एक परीक्षाही दिली. मग बडोद्याला एका कंपनीत पुन्हा शिकाऊ म्हणून लागली, पहिल्यापासून. आता तिथं बरीच वर गेली आहे. लग्न झालं. दर पंधरा दिवसांनी न चुकता मला फोन करायची, वाडीचं विचारायची, केळींना पाणी जातं ना विचारायची. पाच वर्षं मी त्या फोनची वाट बघत आले आणि फोन आला की घाबरत आले.

गेल्या महिन्यात तिनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कंपनीत नवी मुलं आली आहेत, त्यांना ती शिकवते आहे. अंगावर साडी, बोलणं तेच. मुलांना सांगत होती की रोजची चूक लिहा. आणि पुढे हसून म्हणाली, पण वही सांभाळा, मी पहिल्याच नोकरीत ती जेवणाच्या टेबलावर विसरली होती, त्याची फार किंमत दिली. मग म्हणाली, तिथं एक काकू होत्या, त्यांनी त्या दिवसांत मला सांभाळलं. मुलं टाळ्या वाजवत होती.

मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग फोन लावला आणि उभ्यानं सगळं सांगून टाकलं. मधे थांबले असते तर पुन्हा सोलकढीवर गेले असते.

तिनं मला मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर पाइपाबद्दल विचारायची तशीच एकेक विचारत गेली. वही खोलीतून कोणी आणली? मी. टेबलावर कोणी ठेवली? मी. फोटो काढले तेव्हा तुम्ही कुठं होता? तिथंच, वाढत होते.

"म्हणजे मी विसरली नव्हती," ती म्हणाली.

"नाही गं बाई. तू नव्हतीस विसरलीस."

मग हळू आवाजात बोलू लागली, मला नव्हे, स्वतःलाच सांगावं तशी. "मी घराले कुलूप लावते, काकू, जिना उतरते, अन् परत वर जाते. रोज. तीन-तीनदा जाते. कागद पाठवला तरी रात्री उठून पाहते, खरंच पाठवला का. नवरा हसते मले. मी त्याले सांगते, मी विसरते, मले माहीत आहे, माझ्या वहीत लिहिलेलं आहे."

मी काही बोलणार होते, ती म्हणाली, थांबा.

"मी तुमाले विचारलं होतं ना त्या दिवशी. तुम्ही हो कायले म्हटलं?"

ती वाट बघत होती. मी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होते. ती रागावली असती तरी चाललं असतं. पण ती खरंच विचारत होती, तिला कळून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग म्हणाली, "ठेवते, काकू."

त्याला आज तीन आठवडे झाले.